शहरं जळाली म्हणून नव्हे, येणं थांबलं म्हणून बुडाली

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत भूमध्य समुद्राकाठच्या जुन्या संस्कृतींवर पानभर लेख आला. मायसीनी, हित्ती, उगारित, कार्थेज, रोम, सगळ्यांना एकाच पानात बसवलं आहे. लेखकाने मेहनत घेतली आहे, चित्रंही देखणी आहेत. पण लेखाचं सार असं, की ही माणसं चैनीत सुस्तावली, मग बाहेरून रानटी टोळ्या आल्या, त्यांनी शहरं जाळली आणि सगळं संपलं. मी कापसाच्या जिनमध्ये मुनीम होतो. आयुष्य किर्द आणि खतावणी लिहिण्यात गेलं. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही, इंग्रजी हिशेबापुरतं येतं, बाकीचं नात वाचून सांगते. पण वही कशी वाचायची ते मला कळतं, आणि या लोकांच्या वह्या सापडलेल्या आहेत. त्या पाहिल्या तर लेखातली गोष्ट पटत नाही. म्हणून हे पत्र. लांबलं आहे, कात्री तुमच्या हातात आहे.

आधी आगीचं बोलू. आग लागली की गाव संपतं, हे मानायला मी धरणगावचा माणूस तयार नाही. १६७४ मध्ये इंग्रजांची वखार इथे होती, कापडासाठी. मुलूख तेव्हा मोगलांचा. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने धरणगाव लुटलं, १६७९ मध्ये पुन्हा लुटलं, आणि १६८५ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने लुटून जाळलं. गाव संपलं का? १६७९ च्या लुटीच्या वेळी या भागातल्या सर्वांत भरभराटीच्या गावांत त्याची गणना होत होती. म्हणजे पहिल्या लुटीनंतर चार वर्षांत ते पुन्हा लुटण्याजोगं झालं होतं! सुरतेचंही तेच. १६६४ ला लुटली गेली, १६७० ला लुटली गेली, तरी पुढे कित्येक वर्षं बाजार चालू. सुरत मागे पडली ती व्यापार मुंबईला सरकला आणि तापीच्या मुखाशी गाळ साचत गेला तेव्हा. तो गाळ बराचसा आमच्याकडचाच, खानदेशातून वाहून गेलेला.

जिनचंही सांगतो. आमच्या जिनला आग लागली होती. कापसातून खडा रोलरमध्ये गेला, ठिणगी उडाली. रुईची आग वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते, तेव्हा दोन दिवस कोणी घरी गेलं नाही. अर्धं छप्पर गेलं. तरी पुढच्या हंगामाच्या मुहूर्ताला नवे पत्रे चढलेले होते आणि गाड्या नेहमीसारख्या काट्यावर लागल्या. जिन बंद पडली ती बऱ्याच वर्षांनी, एक ठिणगीही न उडता. दूरच्या एका सूतगिरणीने गाठी उचलल्या आणि पैसे लांबवले. शेठनी शेतकऱ्यांचे चुकारे लांबवले. मग कापूस भरलेल्या गाड्या आमच्या फाटकावरून पुढे जाऊ लागल्या. त्या वर्षाची वही आजही कोणी उघडली तर त्याला आगीचा मागमूस सापडणार नाही, फक्त येणे बाकीचा रकाना लांबत गेलेला दिसेल.

आता ग्रीसकडे जाऊ. दक्षिण ग्रीसमध्ये पायलॉस नावाचं, मायसीनी लोकांच्या राजवाड्याचं ठिकाण आहे. तिथे १९३९ मध्ये कार्ल ब्लेगेन या अमेरिकन संशोधकाने खोदायला सुरुवात केली आणि पहिल्याच चरात राजवाड्याचं दप्तर लागलं, मातीच्या पाट्यांचं. लिपी कोणाला वाचता येत नव्हती. ती १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस या तरुण इंग्रज वास्तुरचनाकाराने सोडवली, आणि भाषा निघाली जुनी ग्रीक. कित्येकांना वाटलं होतं की आता वीरगाथा मिळतील, देवांची स्तोत्रं मिळतील. मिळाले ते हिशेब. मेंढ्या, लोकर, तेल, जव, अंजीर, रथाची चाकं. पंडित मंडळी हिरमुसली असतील. मला नातीने हे वाचून दाखवलं तेव्हा मी तिला म्हटलं, थांब, हे सावकाश वाच.

क्रीट बेटावर नोसॉस इथेही अशाच पाट्या मिळाल्या. त्यांत सगळा मिळून लाखाच्या घरात मेंढ्यांचा हिशेब आहे. कोणत्या गावी, कोणत्या धनगराकडे, किती मेंढ्या आणि किती कमी भरल्या. कमी भरल्याचा आकडा वेगळा लिहिलेला! तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारकुनाला मी मनातल्या मनात नमस्कार केला. बैलजोड्यांची यादी आहे, तीही नावानिशी. एकाचं नाव ‘काळ्या’, एकाचं ‘पांढऱ्या पायाचा’, एकाचं ‘कबऱ्या’ अशा अर्थाचं. राजवाड्याच्या वहीत बैलाचं नाव लिहिणारे लोक चैनीत लोळत होते, असं मला तरी वाटत नाही. पायलॉसच्या पाट्यांत सूत कातणाऱ्या आणि कापड विणणाऱ्या शेकडो बायका आहेत, त्यांची पोरं वेगळी मोजली आहेत आणि प्रत्येक गटाला धान्य किती, अंजीर किती, ते लिहिलं आहे. कित्येक बायका समुद्रापलीकडच्या गावांवरून ओळखल्या जातात, मायलेटसच्या, लेम्नॉसच्या. म्हणजे बहुधा पकडून किंवा विकत आणलेल्या. राजवाड्यातली चैन कोणाच्या हातावर चालली होती तेही त्या पाटीवर दिसतं, आणि लेखात ते यायला हवं होतं.

या पाट्या भाजलेल्या नव्हत्या. ओल्या मातीवर टोचून लिहायचं, वाळवायचं, वर्ष संपलं की मोडून माती पुन्हा वापरायची. इ.स.पू. १२०० च्या सुमाराला राजवाडा जळाला आणि त्या आगीत पाट्या भाजल्या, म्हणून त्या टिकल्या. तेव्हा आपल्या हातात पायलॉसची आहे ती फक्त शेवटच्या वर्षाची किर्द. त्या वर्षी काय चाललं होतं? किनाऱ्यावर पहारे नेमले आहेत, त्यांच्या तुकड्यांच्या याद्या आहेत. वल्हेकरी गोळा केले आहेत. देवळांतलं कासं भाल्यांच्या टोकांसाठी मागवलं आहे. आणि कासारांची एक लांब यादी आहे, त्यातल्या कित्येकांच्या नावावर कच्चा माल दिलेला नाही अशी नोंद आहे. अभ्यासकांत यावर मतभेद आहेत, काही म्हणतात की हा नेहमीचाच कारभार होता. मुनीम म्हणून मी त्यात तंगी वाचतो. देवळातल्या भांड्यांना हात घालायची वेळ कोणी उगाच आणत नाही.

कच्चा माल का नसावा, ते समजायला एक बुडालेलं जहाज पाहावं लागतं. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ उलुबुरुन इथे १९८२ मध्ये स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला ते दिसलं. १९८४ ते १९९४ अशी दहा वर्षं समुद्राच्या तळाशी जाऊन ते उपसलं. इ.स.पू. १३०० च्या आसपासचं. त्यात सुमारे दहा टन तांबं आणि एक टन कथील होतं. दहाला एक, म्हणजे कासं करायला लागतं त्याच मापात. तांबं सायप्रसचं. कथील मात्र भूमध्याच्या काठी फारसं मिळत नाही, त्यातलं काही मध्य आशियातून आलं होतं असं अलीकडच्या तपासणीत निघालं आहे. शिवाय हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, निळ्या काचेच्या लगडी, आबनूस, भांडी भरून राळ, आणि इजिप्तच्या राणी नेफर्तितीच्या नावाचा सोन्याचा एक बारीक शिक्का. मला यातली आवडलेली वस्तू कोणती सांगू? तागडीची वजनं. बैलाच्या, सिंहाच्या आकाराचीसुद्धा. आणि बिजागरीची एक लाकडी पाटी, मेण लावून लिहायची. वरचं मेण गेलं, अक्षर गेलं. त्या जहाजावरच्या मुनिमाची वही हाताला लागली आणि कोरी निघाली, याचं मला खरोखर वाईट वाटलं.

तर भाला ग्रीसमध्ये, तांबं सायप्रसमध्ये, कथील आणखी कुठे, जहाज चौथ्याचं आणि खलाशांच्या पोटाला लागणारं धान्य पाचव्याचं. हे सगळं सुरळीत असेपर्यंत वैभव डोळे दिपवणारं. खानदेशाला हे नवीन नाही. १८६१ नंतर अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगाव त्या चार वर्षांत बहरलं. १८६५ मध्ये तिकडे लढाई थांबली आणि इकडे भाव कोसळले, जळगावची पेठ पार बसली. इथल्या कोणी काय पाप केलं होतं?

लेखात उगारितच्या राजाचं पत्र आहे, तेच ते प्रसिद्ध, शत्रूची जहाजं आली आणि माझी गावं जाळली. हे शहर सिरियाच्या किनाऱ्यावर होतं, १९२८ मध्ये शेत नांगरताना एका शेतकऱ्याला त्याच्या बंदराजवळ दगडी थडगं लागलं आणि शोध लागला. लेखक म्हणतात की हे पत्र भट्टीत भाजायला ठेवलेलं असतानाच शहर पडलं, ते पाठवायचं राहूनच गेलं. वाचायला फार चटकदार. पण भट्टीची ही समजूत पुढच्या तपासणीत टिकली नाही, ती पत्रं वरच्या मजल्यावरून खाली कोसळलेली असावीत असं आता मानतात. आणि पत्र अर्धंच दिलं आहे. पुढे राजा लिहितो की माझं सगळं सैन्य आणि रथ हित्तींच्या देशात आहेत, माझी सगळी जहाजं लुक्काच्या (आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्येकडच्या) किनाऱ्यावर आहेत, देश उघडा पडला आहे. आणि शत्रूची जहाजं किती? सात. सात जहाजांनी एवढं मोठं बंदर हैराण होतं, कारण स्वतःचं जे होतं ते दुसऱ्याच्या कामाला लावलेलं होतं. सात जहाजांपेक्षा मला तो उसनवारीचा भाग महत्त्वाचा वाटतो.

उसनवारी का, तर आजच्या तुर्कस्तानातले हित्ती, म्हणजे उगारितचे धनी, अडचणीत होते. त्यांच्या राजाने उगारितला धान्य पोचवायला सांगितलं, दोन हजार मापं, आजच्या हिशेबाने साडेचारशे टनांच्या आसपास, आणि लिहिलं की हा जगण्यामरणाचा प्रश्न आहे. त्याच्या थोडं आधी इजिप्तच्या मर्नेप्ताह राजानेही हित्तींचा देश जगावा म्हणून जहाजांतून धान्य पाठवल्याचं कोरून ठेवलं आहे. उगारितमधल्या उर्तेनू नावाच्या बड्या व्यापाऱ्याच्या घरात पत्रांचा ढीग सापडला. त्यात त्याच्या माणसाचं एक पत्र आहे, की घरात दुष्काळ आहे, तू लवकर आला नाहीस तर आम्ही उपाशी मरू. हे एका आडत्याच्या घरचं पत्र आहे, गरिबाचं नाही. तुर्कस्तानात गॉर्डियनजवळच्या जुन्या लाकडांची वर्तुळं मोजून २०२३ मध्ये संशोधकांनी दाखवलं की इ.स.पू. ११९८ ते ११९६ ही ओळीने तीन वर्षं अतिशय कोरडी गेली. एक वर्ष पेवातलं धान्य तारतं, दुसरं वर्ष उधारी तारते. तिसऱ्या वर्षी काय होतं ते खानदेशातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं. हित्तींची राजधानी हातुशा ओस पडली. तिथे जळाल्याच्या खुणा आहेत, पण शत्रू येण्याआधीच दरबार चीजवस्तू घेऊन निघून गेला होता असं आता बरेच जण म्हणतात. उगारित जळालं आणि पुन्हा शहर म्हणून उभं राहिलं नाही. धरणगाव राहिलं, उगारित नाही. आग दोघांनाही लागली होती. पण उगारितच्या पाठीमागे धान्य मागणारा आणि माल घेणारा मोठा धनीच उरला नव्हता.

इजिप्त टिकलं. लेखात तिसऱ्या रामसेसचं चित्र मोठं छापलं आहे, मेदिनेत हाबूच्या देवळाच्या भिंतीवरचं, समुद्रावरून आलेल्या टोळ्यांना त्याने हरवलं ते. साल इ.स.पू. ११७७ च्या सुमाराचं. मी म्हणतो की याच राजाच्या कारकिर्दीतलं दुसरं एक कागदपत्र छापायला हवं होतं, ते आज इटलीत तुरीन शहरात आहे. राजाच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी, राजांची थडगी कोरणाऱ्या कारागिरांचं धान्य थकलं. त्यांना पगार म्हणून भाकरीसाठी गहू आणि बीअरसाठी जव मिळत असे. ते काम टाकून निघाले, चौक्या ओलांडून देवळाच्या मागे जाऊन बसले. म्हणाले, भूक आणि तहान यांमुळे आलो आहोत, कपडा नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, राजाला कळवा. जगातला नोंद असलेला पहिला संप हाच मानतात. भिंतीवर विजय कोरलेला आणि हजेरीपटावर थकबाकी! चाळीसेक वर्षांनी त्याच खोऱ्यात थडगी फोडण्याचे खटले चालले. मला नाही वाटत त्यासाठी बाहेरून कोणी यायची गरज होती.

आणि आता माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट. इ.स.पू. ११०० च्या थोडं नंतरची. इजिप्तहून वेनामून नावाचा देवळाचा माणूस आमोन देवाच्या नावेसाठी देवदाराचं लाकूड आणायला आजच्या लेबनॉनमधल्या बिब्लॉसला गेला. ही खरी हकीकत की रचलेली कथा यावर विद्वानांत वाद आहे. खरी असो नसो, लिहिणाऱ्याने बाजार पाहिलेला होता. वेनामूनचे पैसे वाटेत त्याच्याच जहाजावरच्या माणसाने पळवलेले. रिकाम्या हाताने बंदरात उभा. बिब्लॉसचा राजा रोज निरोप धाडतो, माझ्या बंदरातून चालता हो. असं जवळजवळ महिनाभर चाललं. शेवटी भेट झाली तेव्हा वेनामून ऐट दाखवतो, की तुझ्या बापाने दिलं, आज्याने दिलं, तूही दे. राजा म्हणतो, दिलं खरं, पण तेव्हा इजिप्तहून सहा जहाजं माल भरून आली होती. आणि मग तो काय करतो? वाडवडलांच्या रोजकिर्दी मागवतो आणि वेनामूनसमोर मोठ्याने वाचून घेतो. वहीत हजार देबेन चांदी जमा निघते, म्हणजे जवळजवळ नव्वद किलो. मी तुझा चाकर नाही आणि तुला पाठवणाऱ्याचाही नाही, असं तो वर सुनावतो.

महाराज, एका साम्राज्याचा दरारा संपल्याचं याहून स्पष्ट वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. लढाई नाही, रक्त नाही. समोरच्याने वही उघडली, एवढंच. मग इजिप्तहून सोन्याचांदीची भांडी आली, तलम कापड आलं, बैलांची पाचशे कातडी, पाचशे दोरखंड, वीस पोती मसूर आणि तीस टोपल्या मासे. माल पोचला तेव्हा तीनशे माणसं आणि तीनशे बैल लाकूडतोडीला लागले. माल आधी, काम मग. आमचे शेठ जिवंत असते तर त्यांना ही गोष्ट सांगितली असती.

बिब्लॉस, सिडॉन, टायर ही फिनिशियन लोकांची गावं त्या पडझडीतून निघाली, बहुधा त्यांच्याकडे सगळा माल एकाच राजवाड्याच्या कोठारात जमा होऊन तिथूनच वाटला जात नव्हता म्हणून. पायलॉसचा कारभार तसा होता, म्हणून राजवाडा गेला तेव्हा लिहिणंच गेलं. ग्रीसमध्ये पुढे चार-एकशे वर्षं कोणी अक्षर काढलेलं दिसत नाही. आणि ते परत शिकले तेही या फिनिशियन व्यापाऱ्यांच्या बाराखडीवरून.

कार्थेज ही त्याच फिनिशियनांची वसाहत, आजच्या ट्युनिसजवळ. इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी ती जाळली. लेखात लिहिलं आहे की जमिनीत मीठ पेरलं. संपादक महोदय, हे कोणत्याही जुन्या लेखकाने लिहिलेलं नाही, ही अगदी अलीकडे चिकटलेली दंतकथा आहे. शेती कळणाऱ्याला तर ती ऐकताक्षणी खटकावी, कारण रोमनांना ती जमीनच हवी होती. मॅगो नावाच्या कार्थेजच्या माणसाने शेतीवर २८ भागांचा ग्रंथ लिहिला होता. शहर जाळणाऱ्या रोमच्या सिनेटने तो मात्र जपला आणि लॅटिनमध्ये उतरवून घ्यायला सांगितलं. त्यात त्याने म्हटलं होतं की जो शेत घेईल त्याने शहरातलं घर विकून टाकावं. जळगाव आणि नाशिकला फ्लॅट घेऊन गावची जमीन बटाईने देणाऱ्या आमच्या पाहुण्यांना मी हे ऐकवलं. कोणी हसलं नाही. ते असो. रोमचा पहिला बादशहा ऑगस्टस याच्या काळात कार्थेज पुन्हा वसलं आणि साम्राज्यातल्या सगळ्यात मोठ्या शहरांत गणलं जाऊ लागलं, कारण मागचं रान पिकत होतं आणि रोमला धान्य हवं होतं. उलट आजच्या तुर्कस्तानातल्या एफिससचं पाहा. तेवढंच नामांकित बंदर, पण नदीने गाळ आणून भरलं, आणि आज समुद्र तिथून मैलोगणती लांब आहे. तिथे कोणाला शाप द्यायचा?

राहिलं रोम आणि त्याची चैन. प्लिनी या रोमन लेखकाचं वाक्य सगळेच देतात, तुमच्या लेखकानेही दिलं, की हिंदुस्थान दरसाल आमचे पाच कोटी सेस्टर्स (हे त्यांचं नाणं) खेचून घेतो. मिरी, मोती, तलम कापड. यावरून रोम चैनीपायी कंगाल झालं असं लेखात आहे. पण जकातीचं काय? या मालावर अलेक्झांड्रियात सरकार पंचवीस टक्के घेत होतं. मुझिरीसहून, म्हणजे केरळातून गेलेल्या हर्मापोलॉन नावाच्या एका जहाजाच्या मालाचा कागद मिळाला आहे, त्यात जकात वळती केल्यावरची मालाची किंमत सत्तर लाख सेस्टर्सच्या जवळ जाते. एका जहाजामागे चौथा हिस्सा खजिन्यात पडत असेल तर ती चैन खजिन्याला पोसत होती. त्याच काळच्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात पैठण आणि तेरहून गाड्यांवर लादून माल भडोचला येतो असं आहे, पैठण ते भडोच वीस दिवस. नकाशा काढून पाहा, त्या गाड्या खानदेश टाळून गेल्या असतील असं वाटत नाही.

रोमचं दुखणं नाण्यात दिसतं. ऑगस्टसच्या वेळी त्यांचा दिनार जवळजवळ शुद्ध चांदीचा होता. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात नाण्यात शंभराला पाच भागही चांदी राहिली नाही. फौजेचा पगार द्यायचा आहे आणि चांदी नाही, मग भेसळ. पुढे ३०१ मध्ये डायोक्लेशियन बादशहाने कमाल दरांचं फर्मान काढलं, धान्यापासून न्हाव्याच्या मजुरीपर्यंत, जास्त घेतलं तर मरणाची शिक्षा. माल दुकानांतून गायब झाला. रेशनच्या दिवसांत दुकान चालवलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. गॉथ टोळ्यांचा राजा अलारिक याने ४१० मध्ये रोम लुटलं, हे लेखात ठळक अक्षरांत आहे. त्याआधी वेढा उठवायला त्याने जी खंडणी घेतली तिच्यात सोन्याचांदीबरोबर तीन हजार पौंड मिरी होती, ती आपल्याकडचीच. पण शहर त्यानंतरही चाललं. ४३९ ची बातमी मात्र लेखात एका ओळीचीही नाही. त्या वर्षी व्हँडल नावाच्या जर्मन टोळीने कार्थेज घेतलं. रोमचं धान्य तिथून येत होतं, इजिप्तचं तर आधीच पूर्वेच्या राजधानीकडे, कॉन्स्टँटिनोपलकडे, वळलं होतं. दहा लाखांचं म्हणवणारं शहर शंभर वर्षांत काही दशहजारांवर आलं. लूट तीन दिवसांची होती, कोठार मात्र कायमचं गेलं.

माझ्या दोन मागण्या आहेत. एक, उगारितच्या भट्टीची आणि कार्थेजच्या मिठाची दुरुस्ती छापावी. शाळेतली पोरं तुमचं कात्रण वहीत चिकटवतात. दुसरी, हे सगळं भूमध्य समुद्राकाठी शोधायचं कारण नाही. तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशे आहे, तिथे १९५५ मध्ये पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं. गिरणेकाठी चाळीसगाव तालुक्यात बहाळ आहे. दोन्हीकडे तांबं वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या वस्त्या खाली आणि लोखंड वापरणाऱ्यांच्या वर अशा थरांनी लागल्या. वर्षाला हजारो माणसं देवदर्शनाला प्रकाश्याला जातात, पण पायाखाली काय आहे ते कोणी सांगत नाही. तुमच्या पुरवणीने त्यावर पान काढावं. लिहिणारा पुण्याहून किंवा नाशिकहून येणार असेल तर धरणगाव स्टेशनावर उतरून घ्यायला मी येतो, पुढे गाडीचं भाडं निम्मंनिम्मं. पावती मात्र घेऊ.

आपला,
जिनमधला एक निवृत्त मुनीम
धरणगाव, जि. जळगाव